पोट, पॉट आणि पोटॅश

मित्रहो, दुकानाच्या पाटीवर मोठ्या अक्षरात 'फुकट' असं लिहिलेलं असतं आणि त्याच्या डोक्यावर एक बारीकसा तारा असतो, तो तुम्ही पाहिला असेलच. खाली मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं असतं, 'अटी लागू'. भाषाशास्त्राच्या पुस्तकांतही असाच तारा असतो. शब्दाच्या डोक्यावर नाही, त्याच्या पुढे. अर्थही जवळपास तोच! हा शब्द आम्ही देतोय खरा, पण तो लिहिलेला कुठेही सापडलेला नाही. त्याची मुलं-नातवंडं सापडली, त्यांच्या तोंडावळ्यावरून आम्ही आजोबांचं चित्र काढलं. अटी लागू.

या लेखात अशाच दोन तारांकित शब्दांची गोष्ट सांगायची आहे. एक युरोपातला, लॅटिनच्या पोटातला. दुसरा आपला, म्हणजे खुद्द 'पोट'च! दोघांचंही मूळ आजवर कुणाला पक्कं सापडलेलं नाही. आणि दोघांचेही वंशज माझ्या गावात, चारठाण्यात, एकाच शेतात भेटतात. कसे, ते पुढे येईलच.

चारठाणा म्हणजे परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातलं गाव. जुनी देवळं, बारव आणि एकटाच उभा असलेला कोरीव स्तंभ, यासाठी ते अभ्यासकांना माहीत आहे. आमच्या होस्टेलमध्ये मात्र 'हे कुठं आलं बे?' हाच पहिला प्रश्न असतो. असो.

तारा म्हणजे रिव्हर्स इंजिनिअरिंग

आपल्याला एखादं मशीन दिलं, ड्रॉइंग दिलं नाही, आणि म्हटलं की मूळ ड्रॉइंग काढा, तर आपण काय करू? भाग सुटे करू, मापं घेऊ आणि मागे मागे जाऊ. भाषाशास्त्रवाले तेच करतात. फक्त त्यांचे भाग म्हणजे उच्चार.

उच्चार बदलतात ते मनाला येईल तसे नाही, नियमाने बदलतात. संस्कृत 'हस्त', प्राकृत 'हत्थ', मराठी 'हात'. 'सप्त', 'सत्त', 'सात'. 'कर्ण', 'कण्ण', 'कान'. नियम साधा आहे. जोडाक्षराचं आधी प्राकृतात द्वित्त झालं. मग मराठीत ते द्वित्त सुटं झालं आणि आधीचा स्वर लांबला. तिकडे युरोपात लॅटिन 'ऑक्टो' म्हणजे आठ, त्याचं इटालियनमध्ये 'ओत्तो' झालं, स्पॅनिशमध्ये 'ओचो'. लॅटिन 'नोक्तेम' म्हणजे रात्र, तिचं 'नोत्ते' आणि 'नोचे'. म्हणजे 'क्त' दिसला की इटालियनमध्ये 'त्त' आणि स्पॅनिशमध्ये 'च', हे ठरलेलं.

या उदाहरणांत मूळ शब्द लिहिलेला सापडतो. पुस्तकाच्या शेवटी उत्तरं दिलेली असावीत, तसं. आपण गणित सोडवायचं आणि मागे बघून ताळा करायचा. पण काही गणितांच्या उत्तरांचं पानच फाटलेलं असतं! मुलं आहेत, नातवंडं आहेत, नियमही माहीत आहेत, पण मूळ शब्द कोणत्याच जुन्या लेखात नाही. अशा वेळी नियमाने मागे जाऊन जे उत्तर येतं, त्याच्यापुढे तारा काढतात.

मराठवाड्यातली बारव पाहिली असेल तर हे लवकर कळतं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की पायऱ्या दिसतात, पावसाळ्यात निम्म्या बुडतात. बुडालेल्या पायऱ्या दिसत नाहीत, पण वरच्या पायरीची उंची आणि रुंदी पाहून 'खाली आणखी पायऱ्या आहेत आणि अशाच आहेत' हे सांगता येतं. किती आहेत ते सांगताना मात्र जपून सांगावं लागतं. आणि झरा नेमका कुठून येतो, हे तर वरून दिसतच नाही. तारांकित शब्द म्हणजे पाण्याखालची पायरी. शब्दाचं मूळ म्हणजे झरा. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे लक्षात ठेवा. पुढे लागेल.

पॉटचं खानदान

इंग्रजीत 'पॉट', फ्रेंचमध्ये 'पो' (लिहिताना शेवटी टी, बोलताना गायब), डचमध्ये 'पॉट', स्पॅनिश-पोर्तुगीजमध्ये 'पोते'. सगळ्यांचा अर्थ भांडं, मडकं. एवढी भावंडं एका चेहऱ्याची आहेत म्हटल्यावर बाप एकच असणार. म्हणून अभ्यासकांनी बोलीभाषेतल्या लॅटिनसाठी एक शब्द उभा केला : *पोत्तुस. पुढे तारा. कारण सिसेरो आणि सीझरच्या काळच्या पुस्तकी लॅटिनमध्ये हा शब्द नाही. तिथे भांड्याला 'ओल्ला' वगैरे दुसरे शब्द आहेत.

या पोत्तुसचा वंशवेल बघा. फ्रेंचमध्ये भांड्यात जे शिजतं ते 'पोताज'. ते इंग्रजीत गेलं, 'पॉटेज' झालं आणि त्याचाच उच्चार बिघडून 'पॉरिज' झालं. म्हणजे सकाळी मेसमध्ये ज्या लापशीला आपण नाकं मुरडतो, तिचं इंग्रजी नाव या घराण्यातलं. 'पॉटर' म्हणजे मडकी करणारा. तेव्हा हॅरी पॉटर म्हणजे सरळ सरळ 'हरी कुंभार'!

आणि सगळ्यात पराक्रमी वंशज म्हणजे 'पोटॅश'. लाकडाची राख पाण्यात कालवायची, ते पाणी गाळायचं आणि लोखंडी भांड्यात आटवायचं. खाली जो पांढरा क्षार उरतो, ती 'पॉटची ॲश'. डच लोक तिला 'पोटास्' अशा अर्थाच्या जोडशब्दाने ओळखत, तिथून ती इंग्रजीत आली. १८०७ साली हम्फ्री डेव्ही यांनी या पोटॅशमधून वीज सोडली आणि एक नवीन धातू वेगळा केला. त्याला नाव दिलं पोटॅशियम. त्याची खूण मात्र 'के' आहे, कारण ती 'कॅलियम'वरून आली. आणि कॅलियमचं मूळ अरबीत, जिथून आपला 'अल्कली' आला. अरबीतही अर्थ वनस्पतीची राखच! म्हणजे केमिस्ट्रीच्या तक्त्यात एकाच धातूचं नाव एका राखेवरून आणि खूण दुसऱ्या राखेवरून.

आता चारठाण्याच्या शेतात या. खताच्या पोत्यावर १०:२६:२६ असे आकडे असतात. त्यातला शेवटचा आकडा पोटॅशचा. लॅटिनचं नावही न ऐकलेला शेतकरी दुकानात जाऊन 'एक बॅग पोटॅश द्या' म्हणतो, तेव्हा तो हा तारांकित लॅटिन शब्दच उच्चारत असतो. पोटॅश भारतात जवळजवळ सगळं बाहेरून येतं. शब्दही बाहेरूनच आला.

टी एक की दोन?

आता खरा प्रश्न. पोत्तुस आला कुठून? पहिला विचार कुणाच्याही डोक्यात येईल तो हा. लॅटिनमध्ये 'पोतुस' म्हणजे पेय, पिणं. (संस्कृतातला 'पा' धातू, 'पान' करणं, त्याचाच हा चुलतभाऊ.) पिण्याचं ते पॉट, झालं की काम!

इथेच गंमत आहे. 'पोतुस'मध्ये त एकच आहे. लॅटिनमधला दोन स्वरांच्या मधला एकटा त फ्रेंचमध्ये टिकतच नाही. 'रोता' म्हणजे चाक, त्याचं फ्रेंचमध्ये 'रू' झालं. 'वीता' म्हणजे जीवन, त्याचं 'वी' झालं. त गायब! पण त दोन असले की एक वाचतो. 'गुत्ता' म्हणजे थेंब, त्याचं 'गूत' झालं. आता फ्रेंचमध्ये कुंभाराला 'पोतिए' म्हणतात. त टिकलाय. म्हणजे मूळ शब्दात त दोन होते, 'पोत्तुस'. आणि म्हणून 'पोतुस' म्हणजे पेय हा त्याचा बाप सहजासहजी होऊ शकत नाही. एका अक्षरावर केस फिरली.

मग कोण? काही जण म्हणतात की रोमन फौजा गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या बाजूला, गेल्या तेव्हा तिथल्या लोकांचा हा शब्द असावा. काही जण जर्मानिक भाषांकडे बोट दाखवतात. काही जण त्याहून जुन्या, आता नाव-गाव न उरलेल्या भाषेकडे. निकाल नाही. इंग्रजीचे मोठमोठे कोश इथे येऊन 'मूळ अनिश्चित' असं लिहून थांबतात. पायरी सापडली, झरा सापडला नाही.

आता आपलं पोट

आमच्या मेसच्या एका टेबलावर चार जण बसतो. मी चारठाण्याचा, एक देगलूरकडचा (घरी तेलुगू), एक सोलापूरचा (आई कन्नड बोलते) आणि एक नागपूरचा, ज्याची अर्धी भाषा हिंदी. जेवण झाल्यावर हात कुठे फिरवला याला आम्ही चौघं चार शब्द वापरतो : पोट, पोट्टा, होट्टे, पेट. चारी शब्द एकमेकांचे नातेवाईक वाटतात ना? पण मराठी-हिंदी एका कुळातल्या, तेलुगू-कन्नड दुसऱ्या, द्राविड कुळातल्या. मग हे कसं?

आधी आपल्या बाजूने पाहू. संस्कृतात पोटाला उदर, जठर, कुक्षि. यातल्या 'कुक्षि'ची मराठीत 'कूस' झाली. जेवणाआधीच्या श्लोकात उदर असतं, पण जेवताना मात्र पोटच भरतं! 'पोट' हा शब्द जुन्या संस्कृतात या अर्थाने मिळत नाही. प्राकृतात मात्र मिळतो. पैठणच्या सातवाहनांशी जोडलेल्या हालाच्या 'गाथासप्तशती'त एक गाथा आहे. तिचा आशय असा, की पाखरंसुद्धा आपापलं पोट भरतात, पण अडलेल्याला हात देणारे सज्जन थोडेच. तिथे शब्द आहे 'पोट्ट', आणि त्याच्याबरोबर क्रियापदही आहे 'भर'. म्हणजे 'पोट भरणे' हा वाक्प्रचार गोदावरीच्या खोऱ्यात शतकानुशतकं तसाच्या तसा चालत आलाय. भाषा बदलली, राज्यं बदलली, पोट भरायची चिंता तीच.

बाराव्या शतकात गुजरातमध्ये हेमचंद्रांनी 'देशीनाममाला' नावाचा कोश केला. त्यात त्यांनी जवळजवळ चार हजार असे शब्द गोळा केले, जे लोक बोलतात पण संस्कृतातून व्याकरणाच्या नियमाने काढता येत नाहीत. त्यांना त्यांनी 'देशी' म्हटलं. पोट्ट त्या यादीत आहे. म्हणजे आठशे-साडेआठशे वर्षांपूर्वीच एका जाणत्या माणसाने सांगून ठेवलंय, की बाबांनो, याचं मूळ संस्कृतात शोधू नका.

विसाव्या शतकात राल्फ टर्नर यांनी आपल्या आर्यभाषांचा मोठा तौलनिक कोश केला. तो १९६२ ते १९६६ मध्ये छापला गेला. चौदा हजारांहून जास्त नोंदी! संस्कृतात न सापडणारं पण वंशजांवरून काढलेलं रूप आलं की त्याच्यापुढे तारा. पोट आणि पेट यांच्या मागची रूपं अशीच उभी केलेली. मराठी-कोकणीत पोट, तर हिंदी, गुजराती, बंगाली, नेपाळीत पेट. इतकंच काय, हजारेक वर्षांपूर्वी भारतातून निघून युरोपात पोहोचलेले रोमा लोक पोटाला 'पेर' म्हणतात. त्यांच्या भाषेत आपल्या ट्ट चा र होतो. आपल्या 'आटा'चा तिकडे 'आरो' झालाय तसाच.

इथेही तोच एक की दोन चा नियम लावून बघा. संस्कृतातला दोन स्वरांमधला एकटा ट मराठीत येईपर्यंत ड होतो. 'घोटक'चा घोडा, 'वट'चा वड, 'कटु'चं कडू. पण ट्ट असेल तर ट राहतो. 'पट्ट'चा पाट, 'हट्ट' म्हणजे बाजार, त्याचा हाट. आपण 'पोड' म्हणत नाही, पोट म्हणतो. म्हणून मूळ रूपात ट्ट हवाच. फ्रेंच कुंभाराच्या केसमध्ये जे गणित होतं, तेच इथे चाललं. दोन खंड, दोन भाषा, एकच मेथड. मला ही गोष्ट कुठल्याही थिअरमइतकी सुंदर वाटते.

तीन उमेदवार

पहिला उमेदवार : पिशवी. संस्कृतात 'पेट', 'पेटिका' म्हणजे टोपली, पेटी. आणि 'पोटली' तर आपण बांधतोच. पोट म्हणजे शरीराची पिशवी! कल्पना चांगली आहे. इंग्रजीत असंच झालंय, 'बेली' हा शब्द पिशवी या अर्थाच्या जुन्या शब्दापासूनच आला. भात्याला म्हणतात तो 'बेलोज' त्याचाच भाऊ. पण अडचण अशी की संस्कृत 'पेट'मध्ये ट एकटा आहे, आणि एकट्या ट चा ड व्हायला हवा होता. शिवाय पेट आणि पोट, ए आणि ओ, ही अदलाबदल कोणत्याच नेहमीच्या नियमात बसत नाही.

दुसरा उमेदवार : द्राविड. तेलुगू 'पोट्ट', कन्नड 'होट्टे'. कन्नडमध्ये जुन्या 'प'चा पुढे 'ह' झाला (जुनं 'पालु' म्हणजे दूध, आताचं 'हालु'), तेव्हा होट्टे हे आधीचं 'पोट्टे'. बरो आणि एमेनो यांच्या द्राविड व्युत्पत्तिकोशात (पहिली आवृत्ती १९६१, दुसरी १९८४) हे शब्द आहेत. केस मजबूत वाटते. पण तमिळ-मलयाळममध्ये पोटासाठी रोजचा शब्द 'वयिरु', 'वयर' असा अगदी वेगळा आहे, आणि त्याचा भाऊ 'बसिरु' कन्नडमध्येही आहे. म्हणजे होट्टेच्या शेजारी आधीचा भाडेकरू अजून राहतोय! मग पोट्ट तिकडे नंतर गेला का? शक्य आहे. पण एखादा शब्द एका भाषेत नाही म्हणजे तो कधी नव्हताच, असंही म्हणता येत नाही. शब्द मरतातही.

काही जण म्हणतील, लिहिलेला आधी कुठे सापडतो ते बघा, विषय संपला. प्राकृत गाथा जुन्या, कन्नड-तेलुगूचे शिलालेख त्यानंतरचे. पण जो आधी एफआयआर नोंदवतो तोच खरा मालक असं थोडंच असतं! लिहायला आधी कोण शिकलं एवढंच त्यातून कळतं. आणि दख्खनमध्ये तर दोन्ही भाषा शेजारी-शेजारी नांदत होत्या. सातवाहनांची चांदीची नाणी आहेत, त्यांवर एका बाजूला प्राकृत आणि दुसऱ्या बाजूला द्राविड भाषेतला मजकूर आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या बाजारात आमच्या मेसच्या टेबलासारखीच परिस्थिती होती म्हणायची.

तिसरा उमेदवार : अनामिक. दोन्ही कुळांनी हा शब्द कुठल्यातरी तिसऱ्या, आता बोलली न जाणाऱ्या भाषेतून घेतला असेल. किंवा गोल, फुगीर, जाड वस्तूंसाठी लोकांच्या तोंडात आपोआप जे ट्ट-ठ्ठ वाले शब्द तयार होतात (लठ्ठ आठवा), त्यातला हा एक असेल. मग ए-ओ ची अदलाबदलही समजते, कारण असे शब्द नियमाला फारसे जुमानत नाहीत. पण नाव नसलेल्या भाषेवर भार टाकणं म्हणजे 'एरर अज्ञात कारणामुळे' असं जर्नलमध्ये लिहिण्यासारखं आहे. खरं असू शकतं, पण सर सही करत नाहीत!

माझं मत विचाराल तर पहिला उमेदवार सगळ्यात कच्चा आहे. दुसरा आणि तिसरा यांच्यात निकाल द्यायला आज पुरेसा डेटा नाही. आउटपुट माहीत आहे, सिस्टीम थोडी माहीत आहे, आणि इनपुट एकापेक्षा जास्त असू शकतात. एक्सचा वर्ग चार असेल तर एक्स दोन की उणे दोन, हे नुसत्या त्या समीकरणावरून कुणाचा बाप सांगू शकत नाही.

मग पोट आणि पॉट एकच का?

हा प्रश्न विंगमध्ये मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला. आकार गोल, आत अन्न, उच्चार सारखा. 'इंग्रजी शब्दसुद्धा आपल्या मराठीतून गेला' असा मेसेज फॉरवर्ड करायला किती सोपं!

पण थांबा. इंग्रजीत 'बॅड' म्हणजे वाईट आणि फारसीत 'बद' म्हणजेही वाईट (आपलं बदनाम, बदफैली). उच्चार सारखा, अर्थ सारखा, आणि नातं शून्य! दोन्ही शब्द वेगवेगळ्या वाटांनी तिथे पोहोचले. उलट मराठी 'चाक' आणि इंग्रजी 'व्हील' यांच्यात एकही उच्चार सारखा नाही, पण ते सख्खे चुलतभाऊ आहेत. दोघंही एकाच मूळ शब्दापासून निघाले आणि नियमाने बदलत गेले. म्हणजे नातं चेहऱ्यावरून ठरत नाही, नियमावरून ठरतं.

पॉटच्या बाबतीत तर इंग्रजीतच किती फसगत आहे बघा. इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये आपण ज्याला 'पॉट' म्हणतो ते पोटेन्शिओमीटर. ते लॅटिनच्या 'शक्ती' या अर्थाच्या शब्दावरून आलं, मडक्याशी संबंध नाही. 'पोटॅटो' तर अमेरिकेच्या बेटांवरच्या ताइनो लोकांच्या 'बटाटा'वरून आला, आणि तोच शब्द पोर्तुगिजांनी आपल्याकडे जवळजवळ जसाच्या तसा आणून दिला. म्हणजे इथे मराठी इंग्रजीपेक्षा मूळ शब्दाच्या जास्त जवळ! पॉट, पोटॅश एका घरचे. पोटेन्शिओमीटर दुसऱ्या. पोटॅटो तिसऱ्या. पोट चौथ्या. चौघांचं आडनाव सारखं वाटतं म्हणून एकाच रेशन कार्डावर घालता येत नाही.

शिवाय पोत्तुसचं मूळ माहीत नाही आणि पोट्टचंही मूळ माहीत नाही. दोन अज्ञातं आणि समीकरण एकही नाही, मग उत्तर कुठून काढणार?

याने काय फरक पडतो?

कुणी म्हणेल, याचा प्लेसमेंटला काय उपयोग? नाही उपयोग. पण एक प्रसंग सांगतो.

मी दुसऱ्या वर्षाला असताना आमच्याच भागातला एक फर्स्ट इयरचा मुलगा प्रॅक्टिकलला म्हणाला, 'सर, मोटर फिरायली.' अख्खी बॅच हसली. रीडिंग बरोबर होतं, मोटर खरंच फिरायली होती, पण हसू आलं ते 'फिरायली'ला. पोरगं हुशार होतं. पण त्यानंतर कित्येक दिवस ते 'येस सर, नो सर' च्या पुढे गेलं नाही. तोंडी परीक्षेत उत्तर येत असून गप्प बसलं. एका क्रियापदापायी मार्क गेले.

हसणाऱ्यांचं म्हणणं काय, तर ही भाषा 'शुद्ध' नाही. शुद्ध म्हणजे काय, असं विचारलं की गाडी शेवटी संस्कृतावर येते. ठीक आहे. पण ती पट्टी लावली तर 'पोट' हाच सगळ्यात अशुद्ध शब्द! तो कोशकारांनी दिलेला नाही, पंडितांनी घडवलेला नाही. शेतात राबणाऱ्यांनी, गुरं राखणाऱ्यांनी, चुलीपुढच्या बायांनी तो तोंडातोंडी सांभाळला आणि आपल्यापर्यंत आणला. आणि आता तो नसेल तर मराठीचं पानही हलत नाही. पोटगी, पोटमाळा, पोटजात, पोटकलम, पोटनिवडणूक... कायदा आणि सरकारसुद्धा या देशी शब्दावर उभं आहे. आमच्या सातबाऱ्यावर 'पोटखराब' असा रकाना असतो. शेतातला जो तुकडा लागवडीला येत नाही, तो तिथे जातो. ज्याच्या नशिबी तो जास्त आला, त्याला या शब्दाचा अर्थ कोशात बघावा लागत नाही.

पायाच्या मागच्या फुगीर भागाला आपण 'पोटरी' म्हणतो, म्हणजे पायाचं छोटं पोट. आणि ज्वारीचं कणीस बाहेर पडायच्या आधी ताटाचा वरचा भाग फुगतो, तेव्हा आमची आजी म्हणते, 'ज्वारी पोटऱ्यात आली.' पोटुशी बाई आणि पोटऱ्यातली ज्वारी, दोघींसाठी एकाच घरातला शब्द! कृषी विद्यापीठाच्या पुस्तकात या अवस्थेला वेगळं नाव असेल, पण याहून नेमकं नसेल. त्याच ज्वारीला खताच्या पोत्यातून पोटॅश मिळतं. सुरुवातीला म्हणालो होतो ना, दोन्ही वंशज एकाच शेतात भेटतात, ते असे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आनंद आहेच. मराठीचं वय सांगताना गाथासप्तशतीचा दाखला हमखास दिला जातो. पण त्या गाथांमधली भाषा राजवाड्यातली कमी आणि गावातली जास्त आहे, हे आपण विसरतो. अभिमान बाळगायचा तर 'पोट्ट' म्हणणाऱ्याचाही बाळगावा आणि 'फिरायली' म्हणणाऱ्याचाही.

आणि अभिमानाच्या भरात दोन टोकंही टाळावीत. एक टोक म्हणतं, सगळं संस्कृतातून आलं. दुसरं म्हणतं, सगळं तमिळमधून आलं. पेशाने इंजिनिअर असलेल्या विश्वनाथ खैरे यांनी संस्कृत, मराठी आणि तमिळ यांच्या नात्यावर आयुष्यभर लिहिलं. त्यांच्या प्रत्येक व्युत्पत्तीशी सहमत व्हावं असं नाही. पण आपल्याच क्षेत्रातल्या माणसाने प्रश्न विचारायची हिंमत केली, हे मला महत्त्वाचं वाटतं. प्रश्न खुला ठेवणं म्हणजे कमीपणा नाही. चारठाण्याचंच बघा ना. 'ठाणा' हा 'स्थान'वरून आला, ते 'स्थान' प्राकृतात 'ठाण' झालं, हे नियमाने सिद्ध होतं. पण पुढचं 'चार' म्हणजे आकडा की 'चारु' म्हणजे सुंदर, दोन्ही अर्थ लावता येतात. अर्धं नाव सिद्ध, अर्ध्यापुढे तारा. म्हणून काही गावाची बस येत नाही असं होत नाही.

तर मित्रहो, येत्या सुट्टीत घरी जाल तेव्हा एक काम करा. आजी-आजोबांच्या, गड्याच्या, सुताराच्या तोंडचे दहा शब्द लिहून आणा. ज्या वाक्यात शब्द ऐकला ते पूर्ण वाक्य, गाव आणि बोलणाऱ्याचं अंदाजे वय एवढं टिपा. व्युत्पत्ती लगेच चिकटवू नका. हेमचंद्रांनी तेवढंच केलं होतं, आधी गोळा केलं. मासिक समितीकडे ती पानं जमा केलीत तर पुढच्या अंकात आपण सगळे मिळून त्यांची यादी छापू. कुणाच्या शब्दाला हसायचं नाही, एवढी एकच अट लागू!

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी